जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : गरिबांच्या शेतीचा गुरू

भुईमूग, रताळे आणि चवळी ही तीन पिके आमच्या खेड्यांतील वाचकांस नवी नाहीत. कापणीच्या दिवसांत एखादी भगिनी पदरात ओंजळभर ओल्या शेंगा बांधून उपासनेस येते, तेव्हा त्या शेंगांचे मोल तिला वा आपल्याला फारसे वाटत नाही. पण ह्याच तीन पिकांच्या आधाराने एका मनुष्याने, जो स्वतः गुलाम मातेच्या पोटी जन्मास आला, अमेरिकेच्या दक्षिण भागातील असंख्य दरिद्री कुटुंबांस आपले अन्न आपण पिकवावयास शिकविले. त्या मनुष्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर यांनी लिहिलेले 'एक होता कार्व्हर' हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले आहे. तथापि लोकांच्या स्मरणात बहुधा एवढेच राहते की ह्या गृहस्थाने भुईमुगापासून तीनशे जिनसा तयार केल्या. आम्हांस येथे त्या जिनसांविषयी थोडे आणि त्यांच्या शेतकऱ्यांविषयी अधिक सांगावयाचे आहे.

मिसुरी राज्यात डायमंड नावाच्या लहान गावाजवळ मोझेस कार्व्हर नामक शेतकरी राहत असे. त्याच्या पदरी मेरी नावाची एक गुलाम स्त्री होती. तिच्या पोटी १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही, कारण गुलामांच्या मुलांची जन्मनोंद ठेवण्याची कोणास गरज भासत नसे. यादवी युद्धाचा तो काळ होता. दरोडेखोरांनी एके रात्री मेरीला व तिच्या तान्ह्या मुलाला पळवून नेले. मोझेसने माणूस पाठविला, पण हाती लागले ते केवळ खोकल्याने अर्धमेले झालेले मूल. त्याच्या बदल्यात मोझेसने एक घोडा दिला असे सांगतात. मेरीचा पत्ता पुढे कधीच लागला नाही.

गुलामगिरी नाहीशी झाल्यावर मोझेस व त्याची पत्नी सुझान यांनी जॉर्ज व त्याचा वडील भाऊ जिम यांस आपल्याच घरी वाढविले. जॉर्जची प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यास शेतातील अवजड कामे झेपत नसत. म्हणून तो सुझानच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवण व परसबाग ही कामे शिकला. आमच्याकडे पुष्कळ घरांत मुलग्याने चुलीपाशी बसणे कमीपणाचे मानतात, पण जॉर्जला ह्याच कामांनी पुढे वीस वर्षे पोटास दिले. ओढ्याकाठच्या झाडीत त्याने लोकांच्या नकळत एक लहानशी बाग केली होती. तेथे तो रोगट रोपे आणून लावी व त्यांस बरे करी. शेजारच्या बाया आपली कोमेजलेली झाडे त्याच्याकडे आणू लागल्या.

गावच्या शाळेत कृष्णवर्णी मुलांस प्रवेश नव्हता. म्हणून दहा-बारा वर्षांचा जॉर्ज सुमारे चार कोसांवरील निओशो ह्या गावी एकटाच चालत गेला. तेथे अँड्र्यू व मराया वॉटकिन्स ह्या निपुत्रिक दांपत्याने त्यास आसरा दिला. मराया मावशी सुईणपण करी व लोकांचे कपडे धुई. तिला झाडपाल्याची औषधे ठाऊक होती, आणि तिची देवावरील श्रद्धा अढळ होती. तिने जॉर्जला पवित्र शास्त्राची एक प्रत दिली, ती त्याने आयुष्यभर जपून वापरली. विद्या मिळव आणि मग ती आपल्या लोकांस परत दे, असे तिचे त्याला सांगणे असे. आम्हांस वाटते की त्या मुलाच्या आयुष्याची दिशा त्याच स्वयंपाकघरात ठरली.

पुढील दहा-बारा वर्षे तो कॅन्सस राज्यात गावोगाव फिरला. कोठे स्वयंपाकी, कोठे धोबी, आणि फुरसतीत शाळा. फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली त्याने जमावाने एका कृष्णवर्णी माणसाला ठार मारताना पाहिले आणि ते गाव सोडले. १८८५ साली हायलंड येथील महाविद्यालयाने पत्राने त्यास प्रवेश दिला, पण तो दारात उभा राहताच त्याचा वर्ण पाहून नाकारला. मग १८८६ साली त्याने नेस परगण्यात सरकारी जमीन घेतली, गवताळ मातीच्या चिपांचे घर बांधले व मका आणि भाजीपाला लावला. पाऊस अपुरा, वारा कोरडा, आणि शेवटी कर्जही काढावे लागले. दोन-तीन वर्षांत ते शेत सुटले. कर्ज, कोरडे आभाळ आणि तोट्यातली जमीन ह्यांचा धडा त्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आयोवा राज्यात मात्र दैव फिरले. १८९० साली सिम्प्सन महाविद्यालयात तो चित्रकला शिकू लागला. तेथील शिक्षिका एटा बड यांनी त्याची फुलझाडांची चित्रे पाहून ओळखले की ह्या मुलाचे मन कुंचल्याइतकेच मुळाकडे आहे. त्यांचे वडील एम्स येथील शेतकी महाविद्यालयात बागायतीचे अध्यापक होते. १८९१ साली जॉर्ज त्या महाविद्यालयातील पहिला कृष्णवर्णी विद्यार्थी झाला, १८९४ साली पदवीधर झाला, आणि तेथेच वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करीत १८९६ साली त्याने वरची पदवी घेतली. चांगली नोकरी, मान देणारे सहकारी, काचेची उष्णगृहे : सर्व काही होते. येथून पुढे आम्ही त्यांचा उल्लेख आदरार्थी करू.

त्याच वर्षी अलाबामा राज्यातील टस्कीगी येथून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे पत्र आले. हेही गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी १८८१ साली एका मोडक्या इमारतीत आपल्या लोकांसाठी शाळा उघडली होती, आणि आता त्यांना शेतकी विभागासाठी शिक्षक हवा होता. कार्व्हरांनी आयोवा सोडले व ऑक्टोबर १८९६ मध्ये ते टस्कीगीस पोहोचले. प्रयोगशाळा नव्हतीच. त्यांनी विद्यार्थ्यांस घेऊन उकिरड्यांतून बाटल्या, डब्यांची झाकणे, जुने दिवे व तारा गोळा केल्या आणि त्यांचीच उपकरणे बनविली.

पण खरा धक्का त्यांना बसला तो जमीन पाहून. मैलच्या मैल कापूस, दुसरे काही नाही. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापसाच्या ओळी आलेल्या. परसात ना मिरचीचे रोप, ना कोबीचा गड्डा. माती पाण्याने वाहून जाऊन जागोजाग घळी पडलेल्या. वाचकांस हे वर्णन परके वाटू नये. अमेरिकेतील ज्या यादवी युद्धाने तेथील गुलाम मुक्त झाले, त्याच युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथला कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारात भाव चढून वऱ्हाड व खानदेश कापसाने भरून गेले. एकाच पिकावर भरवसा ठेवण्याचे फळ काय, हे दोन्ही देशांतील कुणब्यांनी पुढे सारखेच चाखले.

गुलामगिरी गेली होती, पण तिची जागा अर्धेलीने घेतली होती. जमीन मालकाची. बियाणे, खेचर व खावयाचे धान्य उधारीवर, मालकाकडून वा दुकानदाराकडून. उधारीला तारण म्हणून उभे पीक. दुकानदाराला हवा तो कापूस, कारण कापूस खाऊन संपत नाही व विकून लगेच पैसा होतो. त्यामुळे कुळाने भाजी लावावयास निघावे तर ती जागा कापसाकरिता हवी असे. कुटुंबाचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी, आणि तेही उधारीचे. अशा आहाराने दक्षिणेत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. त्यात कातडी फाटते, पोट बिघडते आणि शेवटी बुद्धी भ्रमते. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी शोध करून दाखविले की हा रोग जंतूंचा नसून निकस आहाराचा आहे. कार्व्हर तर त्यापूर्वीच लोकांच्या ताटाकडे पाहून बोलू लागले होते.

१८९७ साली राज्याच्या कायदेमंडळाने टस्कीगीला प्रयोगशेत काढण्यासाठी वर्षाला १५०० डॉलर मंजूर केले. त्यांच्या वाट्यास सुमारे वीस एकर जमीन आली, आणि ती चांगली नव्हती. प्रारंभी कार्व्हरांनीही महाविद्यालयात शिकल्याप्रमाणे विकतच्या खतांचे प्रयोग केले. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की ज्या शेतकऱ्याकडे मिठाला पैसा नाही, त्याला खताच्या पोत्याची गोष्ट सांगणे व्यर्थ आहे. ह्या ठिकाणी आम्हांस त्यांची थोरवी दिसते. पुष्कळ विद्वान आपली विद्या गरिबाला परवडत नाही असे पाहून गरिबाला दोष देतात. कार्व्हरांनी आपली विद्या बदलली. जंगलातला पालापाचोळा, पाणथळीतील काळा गाळ, गोठ्यातील शेण व चुलीची राख यांचे थर रचून खत करावे, उताराला आडवी व खोल नांगरट करावी, आणि पिकांची फेरपालट करावी : एवढीच त्यांची शिकवण. पैसा लागत नाही, फक्त अंगमेहनत लागते. १९०५ साली त्यांनी खचलेली जमीन कशी सुधारावी ह्या विषयावर स्वतंत्र पत्रिका काढली. त्याच्याही आधी, १८९८ साली निघालेली त्यांची पहिली पत्रिका रानातील ओक वृक्षांची खाली पडलेली फळे जनावरांस चारण्याविषयी होती. रानात फुकट पडते ते वाया का घालवावे, असा हिशेब.

फेरपालटीसाठी त्यांनी चवळी निवडली. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीत साठवितात. आमच्या कुणब्याला गाठींची माहिती नसली तरी शेंगांच्या पिकाचा बेवड चांगला, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. चवळीने दुहेरी काम केले : जमिनीला खत, घराला डाळ. रताळे रेताड जमिनीत भरघोस येते व हिवाळाभर टिकते. मागाहून भुईमूग आला, आणि पेलाग्रा ज्या जीवनसत्त्वाच्या अभावी होतो ते त्यात भरपूर असते. पण लोकांनी अडचण काढली की ही पिके विकावी कोठे आणि खावी कशी? ह्या प्रश्नातून त्यांचे ते प्रसिद्ध प्रयोग निघाले. १९१६ सालच्या पत्रिकेत भुईमुगाची लागवड व तो खाण्याच्या १०५ रीती आहेत, १९१८ सालच्या पत्रिकेत टोमॅटोच्या ११५ रीती. त्यांच्या पत्रिकांत थोडे शास्त्र शिक्षकासाठी, लागवडीची माहिती शेतकऱ्यासाठी आणि पाककृती घरधनिणीसाठी असे. ज्याने लहानपणी सुझानच्या चुलीपाशी काम केले होते, त्यालाच हे सुचावे.

पत्रिका छापल्या तरी वाचणार कोण? अनेकांस अक्षरओळख नव्हती. म्हणून कार्व्हर दर महिन्यास टस्कीगीस शेतकऱ्यांची बैठक भरवीत. शेतकरी आपल्या शेतातील कणसे, रताळी व रोगट पाने घेऊन येत, आणि कार्व्हर त्यांस प्रयोगशेतातून फिरवीत. बायका मुरंबे व वाळविलेली फळे आणून एकमेकींस दाखवीत. शिवाय वॉशिंग्टन यांनी १८९२ पासून चालविलेली शेतकऱ्यांची वार्षिक परिषद होतीच. १९१० साली त्यांनी खेड्यांतील शाळांसाठी बागकामावर पत्रिका लिहिली, कारण मुलाने शाळेत मुळा लावला की तो घरी परसात येतोच, अशी त्यांची खात्री होती. त्या भागातील रंगीत मातीपासून झोपड्यांच्या भिंतींसाठी रंग करण्याची कृतीही त्यांनी लोकांस शिकविली. गेरू व पांढऱ्या मातीने घर सारविणाऱ्या आमच्या भगिनींस हे ऐकून कौतुक वाटेल.

तरीही जो सर्वांत गरीब तो बैठकीस येत नसे. त्याला दिवस मोडून येणे परवडत नसे. तेव्हा शाळेनेच त्याच्या दारी जावे असे ठरले. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी साहाय्य केले, कार्व्हरांनी आराखडा काढला, आणि १९०६ सालच्या मे महिन्यात खेचरांची एक गाडी टस्कीगीहून निघाली. तिच्यात नांगर, लोणी काढण्याचे यंत्र, दूध तपासण्याचे साहित्य, बियाणे व रोपे असत. गाडी एखाद्याच्या शेतावर थांबे, शेजारपाजारचे जमत, आणि त्याच शेतात नांगरून, त्याच अंगणात लोणी काढून दाखविले जाई. पहिल्याच उन्हाळ्यात महिन्याला सुमारे २००० लोकांपर्यंत ही गाडी पोहोचली. त्याच वर्षी कार्व्हरांचे विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल यांस अमेरिकन सरकारने ह्या कामावर नेमले. कृष्णवर्णी शेतकऱ्यांसाठी नेमलेले ते पहिले सरकारी प्रचारक होत.

आम्ही कार्व्हरांस देवदूत करून दाखवू इच्छित नाही. शाळेचा कारभार त्यांना जमत नसे. कोंबड्यांच्या खात्यात गोंधळ माजला, सहकाऱ्यांशी खटके उडाले, वॉशिंग्टन यांनी कानउघाडणी केली की ते रुसून राजीनाम्याची भाषा करीत. कीर्तीची त्यांना हौस होती. १९२१ साली अमेरिकन कायदेमंडळाच्या समितीपुढे ते भुईमुगावरील जकातीसंबंधाने बोलले. दहा मिनिटे दिलेली असता सभासदांनी त्यांस बराच वेळ बोलू दिले, आणि तेव्हापासून वृत्तपत्रांनी त्यांस भुईमुगाचा जादूगार करून टाकले. शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधले असे आजही पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे, ते त्यांच्या आधीपासून प्रचारात होते. त्यांच्या जिनसांपैकी बाजारात टिकल्या फार थोड्या, आणि पेटंट त्यांनी अवघी तीन घेतली.

याहून कठीण प्रश्न दुसरा आहे. ज्या कुळाला स्वतःची जमीन नाही, त्याने खत घालून ती सुधारली तर फायदा कोणाचा? मालकाने पुढल्या वर्षी त्याला काढून दिले म्हणजे ते खत गेले मालकाला. अलाबामाच्या १९०१ सालच्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकारही बहुतेक हिरावून घेतला होता. कार्व्हर ह्या अन्यायाविरुद्ध उघड बोलत नसत, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती टीका अगदीच निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. हजारो कुटुंबे शेवटी गाव सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे गेली. पण ज्या घरी परसात भाजी, डुकराला ओकची फळे आणि पेटीत वाळविलेली रताळी होती, त्या घराची दुकानदाराकडील उधारी तेवढी कमी होत असे, आणि काहींनी अशी पै पै वाचवून स्वतःची जमीन घेतली. उधारी कमी होणे ही लहान गोष्ट आहे असे ज्याला वाटते, त्याने कधी उधारीवर वर्ष काढलेले नसावे.

कार्व्हर पहाटे चारला उठून रानात जात व हाती येईल ती वनस्पती गोळा करीत परत येत. तीच त्यांच्या प्रार्थनेची वेळ. सृष्टी पाहताना उत्पन्नकर्त्याशी बोलणे होते अशी त्यांची धारणा होती. १९०७ पासून रविवारी संध्याकाळी ते विद्यार्थ्यांचा शास्त्रवर्ग चालवीत. तो ऐच्छिक असूनही खोली भरून जाई. लग्न त्यांनी केले नाही. अंगावर जुना कोट, पण कोटाच्या छिद्रात रोज ताजे फूल. वर्षाला १००० डॉलर ह्या वेतनावर ते रुजू झाले होते, आणि वेतनाचे धनादेश कित्येकदा तसेच खणात पडून राहत. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात धान्य दुर्मिळ झाले असता, वृद्ध व आजारी कार्व्हरांनी रानभाज्यांवर पत्रिका काढली. आपल्या चाकवताच्या जातीची भाजीही तीत आहे.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथेच त्यांचा अंत झाला. शाळेच्या आवारात वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांस पुरले. आयुष्यभराची साठवण, सुमारे ६०,००० डॉलर, त्यांनी संशोधनाच्या निधीस दिली होती.

खेचरांच्या गाडीची हकीकत तेवढी राहिली. ती पुष्कळ वर्षे चालली. १९१८ साली तिच्या जागी मोटार आली. तीही झिजली, तेव्हा १९२३ साली अलाबामाच्या कृष्णवर्णी शेतकऱ्यांनी व त्यांच्या हितचिंतकांनी वर्गणी गोळा करून नवी मोठी मोटार विकत घेतली, तिच्यावर बुकर वॉशिंग्टन यांचे नाव घातले, आणि नांगर व बियाण्यांबरोबर तिच्यातून एक परिचारिकाही खेडोपाडी जात असे.